कर्जतहून कर्जतला

प्रिय निहार आणि ईरा,

गेल्या रविवारी फोनवर निहारने विचारलं, "आजी, तुमच्याकडे कुणी एकट्याने सायकलवरून खूप लांब गेलंय का?" तो येत्या सुट्टीत असा जाणार आहे आणि त्यावरून तुमच्या आईने दोन दिवस अबोला धरलाय, हे मला आधीच कळलं होतं. मी म्हटलं, "हो, एक जण गेले होते." "कुठून कुठे?" "कर्जतहून कर्जतला." त्यावर तुम्ही दोघं इतके हसलात की मला पुढे बोलताच आलं नाही. आजीचं वय झालं, असंही कुणीतरी हळूच म्हणालं. मला ऐकू नीट येतं.

म्हणून लिहायला बसले आहे. ते जे एक जण, ते जाधव सर, मागच्या मार्गशीर्षात वारले. त्यांची ही हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत असलेली माणसं इथे आता दोनच आहेत, त्यांच्या पत्नी सुमनवहिनी आणि मी. वहिनी लिहीत नाहीत. शिवाय तुम्ही पार्सल पाठवता तेव्हा मी दर वेळी "जिल्हा लिहिलास ना?" असं विचारते आणि तुम्ही माझी नक्कल करता. ते वाक्य माझं नाही. ते जाधव सरांचं आहे.

महादेव नारायण जाधव आमच्या शाळेत भूगोल शिकवत. मी इंग्रजी शिकवायचे आणि ग्रंथालयाचं कपाट माझ्या ताब्यात होतं. सर राहायला दहिवलीला. उंच, काटक, सावळे. उजव्या पायाच्या घोट्याशी पँटला लोखंडी चिमटा लावलेला. तो चिमटा ते वर्गातही काढत नसत, त्यामुळे त्यांच्या पँटचा एक पाय नेहमी दुसऱ्यापेक्षा आखूड दिसायचा. सायकल काळी, उंच दांड्याची. वळण आलं की घंटी वाजवायची, मग समोर कुणी असो वा नसो. एकदा मी म्हटलं, "सर, रस्ता तर रिकामा आहे." ते म्हणाले, "बाई, वळणाच्या पलीकडचं तुम्हाला दिसतंय का?"

ती सायकल हे त्यांचं शिकवण्याचं साधन होतं. पुढच्या चाकाच्या एका आऱ्याला लाल फडकं बांधायचं आणि मुलांनी फेरे मोजत बरोबर चालायचं. चाकाचा एक फेरा म्हणजे सव्वासात फूट. अशी त्यांची मुलं शाळेपासून उल्हास नदीच्या पुलापर्यंतचं अंतर मोजत गेली होती. मैलाच्या दगडाशी त्यांचा हिशेब जुळेना. पोरं ओरडू लागली, "सर, दगड खोटा हाय!" सरांनी सायकल स्टँडवर लावली आणि म्हणाले, "दगड खोटा नाही. तुम्ही बोलत चाललात आणि सात फेरे खाल्लेत. परत." आणि सगळी वरात पुन्हा शाळेच्या फाटकापासून निघाली. तुमची आई त्या वरातीत होती. तिला विचारा.

निवडणुकीचं काम खालापूरला लागलं तरी ते सायकलनेच जात. बाकीचे आम्ही एस्टीच्या फलाटावर ताटकळत असायचो तेव्हा सर समोरून घंटी वाजवत निघून जायचे, वळून न बघता हात वर करून.

आता त्या वाक्याकडे येते.

कर्जत नावाची गावं दोन आहेत. एक आपलं, रायगड जिल्ह्यातलं. दुसरं घाटावर, पुण्याच्याही पलीकडे, नगर जिल्ह्यात. दोन्ही तालुक्याची गावं. त्यामुळे अर्धा पत्ता लिहिलेली पत्रं, लग्नाच्या पत्रिका, कधी कधी माणसंसुद्धा चुकीच्या कर्जतला येतात. इथल्या प्रत्येक घरात अशी एखादी गोष्ट सापडेल. पण जाधव सरांनी त्याचा धडाच केला होता. दरवर्षी आठवीच्या वर्गात नकाशाचा पहिला तास सुरू झाला की भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "पत्त्यात काय लिहायचं?" आणि चाळीस आवाज, "जिल्हा!"

त्या धड्यात एक गोष्ट होती. सर ती रंगवून सांगत. एकदा शाळेत त्यांच्या नावाचं पत्र आलं, निळं अंतर्देशीय. अंतर्देशीय म्हणजे जो कागद तोच पाकीट, आत लिहायचं आणि घडी घालून चिकटवायचं. वर लिहिलेलं, "श्री. महादेव नारायण जाधव, शिक्षक, मु. पो. कर्जत." सरांनी उघडलं. पहिलीच ओळ होती, "ती. दादास, भानुदासचा साष्टांग नमस्कार." सरांना भाऊ नव्हता. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दुसऱ्या कर्जतलाही एक महादेव नारायण जाधव आहेत, आणि तेही मास्तर आहेत. "मी काय केलं असेल?" ते मुलांना विचारत. "वाचलंत!" असं कुणीतरी हमखास ओरडायचं. "नाही. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नसतं. मी घडी घातली, वर जिल्हा लिहिला आणि पेटीत टाकलं. पोचलं असेल की नाही?" "पोचलं!" "कशामुळे?" "जिल्हा!"

मुलांमुळे हे गावात पसरलं. जाधव सर दिसले की भाजीवालीसुद्धा म्हणायची, "सर, जिल्हा लिवला हो!" पलीकडच्या वाडीतली एक म्हातारी मुलाला पत्र लिहून घ्यायला त्यांच्याकडे यायची. सर पेन उचलून विचारायचे, "आजी, जिल्हा?" ती एकदा वैतागली. "जिल्ला कशाला पायजे रं मास्तर? पोरगा माजा काय जिल्ल्यात रातो? चाळीत रातो!" सर हसत सुटले. पण जिल्हा समजल्याशिवाय त्यांनी पत्ता पुरा केला नाही.

सदूच्या लग्नाची गोष्ट तर अजून सांगतात. सदू सरांचा विद्यार्थी, पुढे कुंभिवलीला हायवेवर त्याने टायरचं दुकान टाकलं. त्याच्या मामाने हौसेने पुण्याच्या बँडला सुपारी दिली होती, फोनवरून. नवरदेव घोड्यावर बसला, वऱ्हाड दारात उभं, आणि बँडचा पत्ता नाही. तासाभराने मामाच्या शेजाऱ्यांकडे फोन आला. बँडवाले लाल डगले घालून नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या चौकात उभे होते आणि नवरदेवाचं घर विचारत होते. घोडा कंटाळून मांडव खायला लागला. तेवढ्यात जाधव सर आले. सायकलच्या कॅरियरला शाळेचा ढोल बांधलेला, गळ्यात बिगूल. उतरताच त्यांनी सदूला विचारलं, "सदू, जिल्हा सांगितला होता का?" सदू घोड्यावरूनच हात जोडून म्हणाला, "सर, आदी वाजवा, मंग मारा." पंधरा ऑगस्टच्या संचलनाच्या तालावर ती वरात गेली. नवरदेव डावा-उजवा करत उतरला, असं म्हणतात. ते खरं नसावं.

असे ते सर. निवृत्त झाले तेव्हा मुलांनी फळ्यावर भलामोठा पत्ता लिहून निरोप दिला. खाली जिल्हा, अधोरेखित.

यानंतरचं मला जपून लिहायला हवं, कारण त्यात माझाही हात आहे.

चार वर्षांपूर्वी शाळेने जुनी पुस्तकं काढून टाकायचं ठरवलं. जुनी यादी माझ्या अक्षरातली, म्हणून मला बोलावलं. मी दोन दिवस तिथे बसून पुस्तकं लावत होते. सगळ्यात खाली मोठा अॅटलास होता, कव्हर सुटलेला. पानं पुरी आहेत का बघायला उघडला, तर महाराष्ट्राच्या पानात एक निळं अंतर्देशीय. वर जाधव सरांचं नाव. मला वाटलं, त्यांचंच जुनं पत्र आहे, खूश होतील. मी उघडून पाहिलं नाही. संध्याकाळी चालत दहिवलीला गेले आणि त्यांच्या हातात दिलं.

सर ओट्यावर भाताचं बियाणं निवडत होते. पत्राकडे पाहिलं. उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं. मग म्हणाले, "बाई, यावर जिल्हा नाही."

मला अजून समजलं नव्हतं. "म्हणजे?"

"मी लिहिलाच नाही. टाकलंच नाही." त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "मला पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आठवतो, बाई. इतकी वर्षं आठवतो. हे कसं?"

मग हळूहळू त्यांनाच आठवत गेलं. पत्र आलं त्याच दिवशी त्यांचा आठवीवर तास होता. चुकीचा पत्ता आयता हातात आलेला, म्हणून ते पत्र मुलांना दाखवायला वर्गात घेऊन गेले. अॅटलासमध्ये दोन्ही कर्जत दाखवली. पत्र त्याच पानात खुणेला ठेवलं, तास सुटल्यावर जिल्हा लिहून टाकू म्हणून. तास सुटला. पुढचं मला आठवलं. घंटा झाली की अॅटलास कपाटात परत, हा माझा नियम. नेलेलं पुस्तक टेबलावर राहिलेलं मला चालत नसे. मी स्वतः वर्गात जाऊन तो उचलला असणार आणि कपाटाला कुलूप लावलं असणार. त्यानंतर नवे अॅटलास आले आणि तो मोठा कुणी मागितलाच नाही.

"वाचू का?" सरांनी विचारलं. तेहतीस वर्षांनी ते मला विचारत होते.

"वाचा," मी म्हटलं.

पत्र लहान होतं. भानुदासने मुंबईत स्वतःच्या मनाने लग्न केलं होतं आणि थोरल्या भावाने त्याला घरात पाय ठेवू नको म्हणून बजावलं होतं. आता मूल झालं होतं. लिहिलं होतं की, आईला नातू दाखवायचा आहे. मी पंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने दौंडला उतरेन. तू न्यायला आलास तर घरी येईन. नाही आलास तर समजेन काय समजायचं ते.

सुमनवहिनी आतून चहा घेऊन आल्या. आमच्या तोंडांकडे बघून म्हणाल्या, "काय झालं? कोन गेलं का?"

"माहीत नाही," सर म्हणाले. "तेच बघायला जायचंय."

मी सरळ मार्ग सुचवला. फोन करून शोध घेऊ, माझी एक विद्यार्थिनी नगरला असते, नाहीतर रजिस्टर पोस्टाने पाठवू. सर म्हणाले, "मी टाकलं म्हणून हजार मुलांना सांगितलंय. आता हातातच द्यायला हवं." मग वहिनींना कळलं की ते सायकलने म्हणताहेत.

"तुमी सत्तरीला आलात. एस्टी हाय, गाडी हाय. सायकल काय म्हनून?"

"बसने सहा-सात तासांत पोचेन. तेवढ्यात काय बोलायचं ते ठरणार नाही."

"मंग घरात बसून ठरवा आनि मंग एस्टीनं जावा!"

पण ते सायकलनेच गेले. दिवाळीनंतर, भात घरात आल्यावर. पिशवीत दोन कपड्यांचे जोड, पंप, स्वतः काढलेला नकाशा. पत्र सदऱ्याच्या आतल्या खिशात. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "रोज फोन करायचा. नाय केलात तर मी सदूला टेंपो घेऊन पाठवीन, सांगून ठेवते." रोज संध्याकाळी त्यांचा फोन वहिनींना येई, "जेवलात काय?" एवढ्यावर तो संपे. मला मात्र त्यांनी प्रत्येक मुक्कामावरून पोस्टकार्ड टाकलं. ती पाच कार्डं माझ्याकडे तारखेच्या क्रमाने लावलेली आहेत.

पहिलं कुंभिवलीचं. चौक, खालापूर करत ते सदूच्या दुकानाशी पोचले होते. सदूने पुढचे-मागचे दोन्ही टायर न विचारता बदलले आणि सायकल धरून उभा राहिला. "सर, ह्या वयात घाट चढनार? गप घरी चला. मी गाडी काढतो." सरांनी त्याला पत्राचं सांगितलं. कार्डावर लिहिलंय, "सदूने ऐकून घेतलं, पण हँडल सोडलं नाही. मग म्हणाला, सर, माजा बँड चुकला तर तुमी ढोल घेऊन आलात. ह्या मानसाकडं कोन गेला? आणि त्याने सायकल सोडली."

घाट त्यांनी सायकल हातात धरून चढला. वाटेत मुंबईची सायकलवाली मंडळी भेटली, हेल्मेट, चकचकीत कपडे. एक मुलगी उतरून त्यांच्याबरोबर चालायला लागली. "अंकल, सोलो? कुठपर्यंत?" सर म्हणाले, "एक पत्र टाकायचंय." तिला ती गंमत वाटली. पण घाटमाथ्यावर आल्यावर तिने आपल्या सायकलचा मागचा लाल लुकलुकणारा दिवा काढला आणि सरांच्या कॅरियरला लावून दिला. तो बंद कसा करायचा हे विचारायचं सर विसरले. लोणावळ्याच्या कार्डावर शेवटची ओळ आहे, "दिवा दिवसाही चालूच असतो. लोक हाक मारून सांगतात. आभार मानून थकलो."

पुण्यातल्या कार्डावर फक्त, "वाहनं फार. घंटी कुणाला ऐकू जात नाही," एवढंच आहे.

यवतजवळ दुपारी एका टपरीवर चहाला थांबले. टपरीवालीने विचारलं, "कुठं निघालाय बाबा?" "कर्जतला." "आन् आलाय कुठनं?" "कर्जतहून." बाई दोन पावलं मागे सरली आणि नवऱ्याला हाक मारली, "अवं, जरा हिकडं या. ह्या बाबांना ऊन लागलंया." त्यांनी सरांना बाजेवर आडवं केलं, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, ताक पाजलं. सर नकाशा दाखवून समजावत होते आणि ती म्हणत होती, "व्हय व्हय, हायेत दोन. तुमी पडून राव्हा." सर लिहितात, "नकाशाने काम झालं नाही म्हणून शेवटी झोपलो. उठल्यावर ती म्हणाली, आता सांगा कुठनं आलाय. मी म्हटलं, पुण्याहून. मग सोडलं."

पाचवं कार्ड दौंडचं. ते मी पुन्हापुन्हा उलटसुलट करून पाहिलं आहे, पण त्यावर इतकंच आहे: "स्टेशनवर दीड तास बसलो. भानुदास किती वेळ बसला असेल ते कळायला मार्ग नाही. बरोबर बायको आणि तान्हं मूल. अजून काय बोलायचं ते ठरलेलं नाही."

पुढचं सरांनी मला परत आल्यावर सांगितलं, माझ्या ओट्यावर बसून, एकदाच.

दौंडहून नदी ओलांडून, सिद्धटेक-राशीनवरून ते त्या कर्जतला पोचले. जाधव मास्तरांचं घर पहिल्याच माणसाने दाखवलं. दारात मास्तरांची सून होती.

"महादेव नारायण जाधव मास्तर इथेच राहतात ना?"

"व्हय. पर त्यांना जाऊन दोन वरसं झाली." तिने सायकलकडे, लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहिलं. "तुमी कोन?"

सर म्हणाले, त्या क्षणापर्यंत हे आपल्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना दुसरं काही सांगता येईना. "मी महादेव नारायण जाधव. कर्जतहून आलोय."

ती बाई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मग एक म्हातारा काठी टेकत आला, सरांच्याच वयाचा. डोळे बारीक करून बघत राहिला. सरांनी पाच दिवस जुळवलेलं एकही वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्यांनी खिशातून पत्र काढून पुढे केलं.

तो भानुदास होता. स्वतःचं अक्षर त्याने ओळखलं. उभ्या उभ्या वाचलं. मग म्हणाला, "हे तुमच्याकडं कसं?" सरांनी सांगितलं. अॅटलास, तास, कुलूप, पेटीचा खोटा आवाज, सगळं. माझं नाव मात्र त्यांनी घेतलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तुम्ही कपाट लावलंत, बाई. पत्र मी ठेवलं होतं."

भानुदास त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दौंडला बसला होता आणि आलेल्या गाडीने मुंबईला परत गेला होता. पुन्हा घरी आला तो आई वारल्याची तार आल्यावर. आईने नातू पाहिला नाही. पुढे भावाभावांचं येणंजाणं सुरू झालं, उतारवयात तो गावी येऊन राहिला, पण एक गोष्ट मधे राहिली. "दादा मरेस्तोवर म्हनायचा, भान्या, पत्र आलंच न्हाई रे. म्या कधी खरं मानलं न्हाई. भर पंगतीत टोमणे मारलं त्याला. तो खाली मान घालून जेवायचा."

सर म्हणाले, "चूक माझी आहे. मी क्षमा मागायला आलोय."

भानुदासने पत्र उलटं केलं आणि पत्त्यावर बोट ठेवलं. "जिल्हा टाकलाच न्हाई की म्या," तो म्हणाला.

मग तो आत गेला. भिंतीवर थोरल्या भावाचा फोटो होता, हार घातलेला. त्याच्या चौकटीत त्याने ते निळं पत्र खोचलं आणि म्हणाला, "दादा, आलं बघ पत्र." सर दारातच उभे होते. त्यांना आत ये असं कुणी म्हटलं नव्हतं. मग सूनबाईने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि भानुदास आतूनच म्हणाला, "महादेव, बस की. उभा का?"

सर तिथे तीन दिवस राहिले. भानुदासने क्षमा केली का, हे मी विचारलं. "त्याने तसं काही म्हटलं नाही," सर म्हणाले. "तीन दिवस माझ्याशी भावाबद्दल बोलत होता. मी ऐकत होतो."

परत आल्यावर जाधव सरांनी 'जिल्हा लिहा' हे वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही. भाजीवाली ओरडायची, "सर, जिल्हा लिवला हो!" ते नुसती मान डोलवत. वाडीतली म्हातारी तोवर गेली होती. कुणी पत्ता लिहून घ्यायला आलं तर ते स्वतःच्या हाताने जिल्हा लिहीत आणि पोस्टापर्यंत स्वतः जात. टाकल्यावर पेटीच्या फटीत बोटं घालून बघत, असं पोस्टाशेजारचा पानवाला सांगतो.

गेल्या कार्तिकात एका सकाळी ते माझ्या फाटकाशी आले. कॅरियरला काहीतरी कापडात गुंडाळून बांधलेलं होतं. शाळेने काढून टाकलेला तो अॅटलास मी त्यांना दिला होता, तो त्यांनी बांधून, नवं कव्हर घालून परत आणला होता. "तुमच्या कपाटात ठेवा, बाई," म्हणाले. मी हातात घेतला. जायला वळले आणि थांबून म्हणाले, "कुलूप नका लावू हं." हसले. मीही हसले. चहा घ्या म्हटलं, तर उशीर होईल म्हणाले. कशाला उशीर ते मी विचारलं नाही.

सायकलवर बसले. पँटला चिमटा होता. मागचा लाल दिवा सकाळच्या उन्हात लुकलुकत होता. आंब्याच्या वळणाशी रस्ता पूर्ण रिकामा होता, मला इथून दिसत होता. त्यांनी घंटी वाजवली आणि वळले. महिन्याभराने झोपेतच गेले.

निहार, तुझ्या आईशी मी बोलेन. तू जा, पण रोज फोन कर. सायकलला मागे दिवा लाव.

सायकल सुमनवहिनींनी ठेवली आहे. नातू मागतो, देत नाहीत. अॅटलास माझ्या कपाटात आहे, कपाटाला कुलूप नाही. महाराष्ट्राच्या पानावर पत्राच्या आकाराचा फिकट निळा चौकोन उमटलेला आहे, त्यात दोन्ही कर्जत येतात. आणि दर संक्रांतीला त्या कर्जतहून एक पोस्टकार्ड येतं. यंदाही आलं, दहिवलीच्या पत्त्यावर, सरांच्याच नावाने. भानुदासला आम्ही कळवलं होतं. तरी त्याने ते त्याच नावाने पाठवलं. खाली थरथरत्या अक्षरात पूर्ण पत्ता आहे: मु. दहिवली, ता. कर्जत, जि. रायगड. रायगडखाली दोन रेघा आहेत.